दूध संस्थेच्या बिलासाठी अ‍ॅपशीट: गणित सोपं, जागा महत्त्वाची

आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल आता गूगलच्या अ‍ॅपशीटवर निघतं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजायला यंत्र आहे, पावतीही तिथंच मिळते. पण पशुखाद्याची उधारी, अ‍ॅडव्हान्स, शेअर्सची कपात हे सगळं मी वहीतून बघून बिलावर चढवायचे. ते काम अ‍ॅपनं घेतलं. आजूबाजूच्या संस्थांचे सचिव फोन करून विचारतात, घ्यावं का? माझं उत्तर: जरूर घ्या, पण सूत्रं लिहायला बसण्याआधी कुठला आकडा कायम राहायला हवा आणि कुठला बदलता राहायला हवा, हे कागदावर मांडून घ्या. बाकीचं अ‍ॅप जमवून घेतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅपशीट 2020 मध्ये गूगलनं विकत घेतलं. गूगल शीट किंवा एक्सेलची फाईल दाखवली की त्यावरून ते मोबाईलवर चालणारं अ‍ॅप उभं करतं. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. एक्सेलमध्ये सूत्र लिहिणाऱ्याला पुरतं. रकान्यांची नावं मराठीत ठेवता येतात आणि सूत्रातही तीच वापरता येतात. लिटर गुणिले दर असं सरळ मराठीत लिहिलेलं सूत्र आमच्या संचालकांनाही वाचता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मुद्द्याचं. एकच सूत्र इथं चार जागी ठेवता येतं, आणि जागा बदलली की आकड्याचं वागणं बदलतं.

पहिली जागा इनिशियल व्हॅल्यू. नोंद नवी होताना आकडा काढला जातो, मग तो तसाच राहतो. दुसरी अ‍ॅप फॉर्म्युला. नोंद जेव्हा जेव्हा दुरुस्त होईल तेव्हा तेव्हा आकडा नव्यानं काढला जातो आणि शीटमध्ये लिहिला जातो. तिसरी व्हर्च्युअल कॉलम. हा शीटमध्ये नसतोच. प्रत्येक सिंकला, म्हणजे फोन आणि शीट यांची माहिती जुळवली जाते तेव्हा, ताजा काढून दाखवला जातो. चौथी जागा म्हणजे बॉटमधली (अ‍ॅपमध्ये आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीतली) पायरी: ठरल्या वेळी किंवा ठरलेली घटना घडली की आकडा काढून नोंदीत बसवते.

आमचा दर इनिशियल व्हॅल्यूत आहे. दूध घातलं त्या वेळी जे दरपत्रक लागू होतं त्याच दरानं पैसे मिळाले पाहिजेत. दर अ‍ॅप फॉर्म्युल्यात ठेवला आणि मध्ये दरपत्रक बदललं, तर मागच्या महिन्याच्या नोंदीत कुणी नुसता शेरा लिहिला तरी तिथं नवा दर येऊन बसेल. बिल वाटून झालंय, पैसे खात्यात गेलेत आणि अ‍ॅपमधली रक्कम वेगळी, असं चालणार नाही. फॅट चुकीची टाईप झाली तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी त्याच रकान्यात 'रिसेट ऑन एडिट' आहे आणि तिथं अट लिहिता येते. आमची अट एवढीच की फॅट किंवा एसएनएफ बदलली असेल तरच दर पुन्हा शोधायचा.

रक्कम मात्र अ‍ॅप फॉर्म्युल्यात. लिटर दुरुस्त झालं की रक्कम दुरुस्त झालीच पाहिजे. आणि उत्पादकाच्या पानावर 'या बिलात आतापर्यंत' म्हणून जो आकडा दिसतो तो व्हर्च्युअल, कारण तो साठवून ठेवायची गरजच नाही.

व्हर्च्युअल रकान्यांचा मोह आवरावा लागतो. दोनशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दूध, म्हणजे महिन्याला बारा हजार नोंदी. प्रत्येक सिंकला प्रत्येक उत्पादकासाठी एवढ्यातून वेचून बेरीज करायची म्हटलं की फोन ताटकळत बसणार. त्यावर इलाज सिक्युरिटी फिल्टर: चालू बिलाच्या नोंदी तेवढ्याच फोनवर उतरवायच्या. बॉटला मात्र जुन्या नोंदीही लागतात. त्यासाठी बॉटच्या सेटिंगमध्ये फिल्टर ओलांडायची मुभा देणारं बटण आहे, ते चालू करून ठेवा.

बॉटची रचना मी दोन तुकड्यांत केली आहे आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिला बॉट रोज पहाटे जागा होतो. तारीख 1, 11 किंवा 21 असेल तरच पुढे जातो आणि प्रत्येक चालू उत्पादकासाठी बिलाच्या तक्त्यात एक कोरी नोंद घालतो: कोण, कधीपासून, कधीपर्यंत. तिसऱ्या बिलाची अखेर कधी 28, कधी 31. ती महिन्याच्या शेवटच्या तारखेचं सूत्र बरोबर पकडतं. एवढं केलं की त्याचं काम संपलं. दुसरा बॉट बिलाची नोंद पडली की सुरू होतो. पहिल्या बॉटच्या सेटिंगमध्ये 'ट्रिगर अदर बॉट्स' चालू असेल तरच हे घडतं, हे विसरू नका.

दोन तुकडे का? बॉट ज्या नोंदीवरून सुरू होतो तीच नोंद शेवटपर्यंत त्याच्या हातात असते. उत्पादकावरून सुरू झालेल्या बॉटनं बिल तयार केलं तरी पुढच्या पायरीत त्याच्या हातात उत्पादकच असतो, बिल नसतं. ते शोधून काढायला लांबलचक सूत्रं लिहावी लागतात. दुसरा बॉट थेट बिलावरून सुरू होतो, त्यामुळे त्याच्या पायऱ्या सरळ आहेत. आधी एकूण लिटर आणि एकूण रक्कम. मग फाटा: पशुखाद्याची बाकी आहे का? असेल तर बाकी आणि बिलाची निम्मी रक्कम यांतली जी कमी ती कपात, कारण निम्म्याहून जास्त कापायचं नाही असा संस्थेचा ठराव आहे. मग निव्वळ देय. शेवटी पीडीएफ. या सगळ्या आकड्यांना मी मुद्दाम वेगवेगळ्या पायऱ्या दिल्या. एका पायरीत सगळं कोंबता येतं, पण उत्पादक विचारायला आला की कपात कशी आली, तर मला उलगडून सांगता आलं पाहिजे.

आता गणितातल्या दोन खोडी, ज्या एक्सेलवरून येणाऱ्या प्रत्येकानं आधीच समजून घ्याव्यात. अ‍ॅपशीटचं राउंड फक्त पूर्णांकच देतं. किती दशांश ठेवायचे हे त्याला सांगता येत नाही. आणि पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं तर उत्तरही पूर्णांकच येतं. समजा 7.43 लिटर दूध, दर 58.50. गुणाकार 434.655. नुसतं राउंड लावलं तर 435. पैसे राखायचे तर शंभरानं गुणून राउंड करायचं, 43466 येतात, आणि परत शंभरानं भागायचं. इथं 100 लिहिलं तर उत्तर 434, म्हणजे 66 पैसे गेले. 100.0 लिहिलं की 434.66. एका टिंबाचा फरक, पण दोनशे घरांच्या दुधाचा हिशेब त्यावर आहे. दिवाळीच्या रिबेटसाठी हजेरी काढतानाही तेच: 20 वेळांपैकी 17 वेळा दूध आलं, तर 17 भागिले 20 इथं शून्य येतं. आधी 1.0 नं गुणा, मग भागा.

सरासरी फॅटचंही सांगते, जरी तो दोष अ‍ॅपचा नाही. अ‍ॅव्हरेज नावाचं तयार सूत्र दिसतं म्हणून ते लावू नका. सकाळी 5 लिटर 6.0 फॅटचं आणि संध्याकाळी 3 लिटर 7.2 चं घातलं, तर नुसती सरासरी 6.6 येते, दुधाच्या वजनानं खरी सरासरी 6.45. नोंदीत लिटर गुणिले फॅट असा एक जादा रकाना ठेवा, त्याच्या बेरजेला एकूण लिटरनं भागा. असे मदतनीस रकाने इथं ठेवावेच लागतात, कारण सूत्राच्या आत मधला आकडा नाव देऊन बाजूला ठेवायची सोय नाही. ज्यांना ओळीओळीनं स्क्रिप्ट लिहायची सवय आहे त्यांनी झोहो क्रिएटर बघावं. त्यात डेल्यूज नावाची स्वतःची भाषा आहे आणि मधले आकडे हवे तसे धरून ठेवता येतात. मला मात्र रकाना डोळ्यांपुढे दिसलेला बरा वाटतो.

सूत्र लिहिण्याच्या खिडकीत टेस्टचं बटण आहे. ते दाबलं की शीटमधल्या नोंदींवर सूत्र चालवून उत्तर दाखवतं, आणि नोंद उघडली की सूत्राचा कुठला तुकडा काय देतोय तेही दिसतं. नवं सूत्र तिथं तपासल्याशिवाय मी जतनच करत नाही. बॉट चालून गेल्यावर मॉनिटरमध्ये कुठली पायरी झाली, कुठली अडली हे पाहता येतं.

खर्चाचं. करून बघायला पैसे लागत नाहीत, दहा जणांपर्यंत चाचणीसाठी वापरता येतं. पण वेळेवर आपोआप सुरू होणारे बॉट हवे असतील तर अ‍ॅप डिप्लॉय करावं, म्हणजे चाचणीतून काढून प्रत्यक्ष वापरात आणावं लागतं, आणि मग माणशी दरमहा पैसे: स्टार्टर 5 डॉलर, कोअर 10 डॉलर. गूगल वर्कस्पेसचा सशुल्क प्लॅन घेतलेला असेल तर त्यात कोअर येतं का ते आधी बघा. पैसे अ‍ॅप उघडणाऱ्यांचेच मोजायचे; आमच्याकडे ते संकलनाला बसणारे, सचिव आणि मी. पीडीएफ मिळणारे दोनशे उत्पादक त्यात धरायचे नाहीत.

सुरुवात महिन्याच्या 1 तारखेला करा, आणि पहिली तीन बिलं वहीतही लिहा. तिसरं बिल 21 ते महिनाअखेरचं असतं. तेही वहीशी पैशापैशानं जुळलं की वही बंद करायला हरकत नाही.