अक्कलकाऱ्याचं बी म्हणून आम्हाला जे विकलं

जिभेला मुंग्या आल्या म्हणजे माल खरा, असं आम्ही धरून चाललो आणि तिथंच फसलो. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे. दोन वर्षं अवकाळीनं द्राक्षं गेली, सोसायटीचं कर्ज अंगावर राहिलं, म्हणून अर्ध्या एकरातली जुनी बाग काढून टाकली. तिथं काय लावायचं हा घोर लागलेला असतानाच गावात एक माणूस आला. औषधी वनस्पतींची करार शेती, बी आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो.

देवळाच्या पारावर त्यानं पिशवीतून अक्कलकाऱ्याचं बोटाएवढं तपकिरी मूळ काढलं, अडकित्त्यानं फोडलं आणि प्रत्येकाच्या हातावर गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा ठेवला. “ताई, चावा. बोलू नका, फक्त चावा.” आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या शेंड्याला चटका, मागोमाग मुंग्या, आणि लाळ अशी सुटली की गिळता गिळता पुरेवाट. थोड्या वेळानं जीभ बधिर. दातदुखीवर, घशावर याला किती मागणी आहे हे तो सांगत होता आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो.

ते मूळ खरंच होतं, हे मला आज कळतंय. खरा अक्कलकारा म्हणजे ॲनासायक्लस पायरेथ्रम, मूळचा मोरोक्को-अल्जीरियाकडचा. आपल्याकडे मध्य प्रदेशात तो मुळासाठी लावतात, थंडीच्या तोंडावर पेरून उन्हाळ्यात मुळं खणतात. दाखवायला त्यानं हा आणला. बी मात्र दुसऱ्याच झाडाचं दिलं.

20 गुंठ्यांना दोन किलो बी, किलोला 18 हजार. वाळलेलं मूळ 400 रुपये किलोनं बांधावरून उचलणार. करार स्टॅम्प पेपरवर केला. आमचं नाव, गट नंबर, आधार नंबर सगळं होतं, त्याच्या बाजूला नुसता गोल शिक्का आणि न लागणारी सही. 36 हजार रुपये कंपनीच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर गेले. पिशवीवर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, तपासणीची तारीख नाही. परवाना दाखव म्हणायचं तेव्हा सुचलंच नाही.

नोव्हेंबरात पेरलं. अर्धा इंच खोल पेरा म्हणाला होता, तसंच केलं. पंधरा दिवस झाले तरी वाफे रिकामे, फक्त कडेला जिथं बी उघड्यावर सांडलं होतं तिथं बारीक कोंब दिसले. फोन केला तर म्हणाला, थंडी आहे, धीर धरा. वाचलेल्या कोंबांची पानं रुंद, समोरासमोर, कडेला दाते असलेली निघाली. फेब्रुवारीत पिवळ्या बटणासारखी फुलं आली आणि आत्या काठी टेकत रानात आल्या. एक बटण खुडून त्यांनी दाढेखाली धरलं.

“आगं, ही तर आपल्या हौदाकडंची अक्कलकारा. दात दुकला की मी हेच चावत हुते. ह्याचं मूळ कोण घेतंय?”

आणि मग म्हणाल्या, “ह्याचं बी पुरायचं नस्तं, वरच भुरभुरायचं. उजेड लागतोय त्याला.”

या झाडाला शास्त्रात स्पिलँथेस म्हणतात. आपल्याकडे दोघांनाही अक्कलकाराच म्हणायची सवय आहे, दोघांनीही तोंड बधिर होतं, आणि नेमका याचाच त्यानं फायदा घेतला. फरक डोळ्यांना दिसतो. खऱ्याचं पान शेपू-गाजरासारखं बारीक चिरलेलं, फूल पांढरं, पाकळ्या खालून लालसर, बी चपटं आणि कागदासारख्या कडेचं. आमचं बी बारीक आणि काळपट होतं. याची ताकद फुलात, त्याची मुळात. एक रोप उपटून मी सांगलीत काष्ठौषधीच्या दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस, म्हणाला, “ताई, हे बाजारात जाणारं मूळ नव्हे. या तंतूंना कोण विचारणार?”

त्या दिवसापासून त्या माणसाचा फोन बंद.

2019 साली कडकनाथ कोंबड्यांच्या पायी इस्लामपूर भागात किती घरं बुडाली ते आपण पाहिलंय. तिथंही बोलणं हेच होतं: पिल्लं आमची, अंडी आम्हीच घेणार. तरी आम्ही फसलो, कारण नड होती.

शेजारच्या भाऊजींनीही तेच बी घेतलं होतं. रागाच्या भरात त्यांनी रोटर फिरवला, आता दाखवायला त्यांच्याकडे काही नाही. मी उपटायला निघाले होते, आत्यांनी हात धरला. म्हणून पीक उभं असतानाच पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज देता आला आणि तालुक्याच्या तक्रार समितीनं रानात येऊन पंचनामा केला. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली स्पष्ट केलंय, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, फक्त दोन वर्षांच्या आत. पिशवी, पावती, बँकेचा उतारा, करार आणि मूठभर उरलेलं बी मी स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवलंय.

असं बी घेतलेलं कुणी असेल तर अजून रोटर फिरवू नका. चार रोपं मुळासकट काढून, पानाफुलांचे फोटो घेऊन आधी अर्ज द्या. आणि कुणी पारावर मुळाचा तुकडा चावायला दिला, तर त्याला आधी बी तळहातावर ओतायला लावा.

माझा अर्ज आयोगाकडे गेलाय. अर्ध्या एकरात या हंगामाला हरभरा आहे, आणि हौदाकडेचं एक झाड आत्यांच्या दाढेसाठी ठेवलंय, दाढ काढायची तारीख डॉक्टरांनी दिलीय तोपर्यंत.