‘हाताने रंगवलेला फ्रेस्को’ म्हणून आलं ते छापील चित्र

इटलीत फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातलं, पंधराव्या शतकातला चित्रकार फ्रा आंजेलिको याचं ‘देवदूताचा निरोप’ (येशूच्या जन्माची वार्ता) हे भित्तिचित्र अनेकांनी निदान फोटोत तरी पाहिलेलं असतं. डावीकडे रंगीत पंखांचा देवदूत गॅब्रिएल, उजवीकडे साध्या तिवईवर बसलेली येशूची आई मरिया, मागे कुंपण घातलेली बाग. वसईच्या आमच्या घरातल्या आल्तारावर, म्हणजे देवघरात, लावायला, आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून, मी त्याची हाताने रंगवलेली प्रत मागवली होती. मी म्युनिकला राहते, त्यामुळे इटलीहून मागवणं सोपं. जाहिरातीत लिहिलं होतं: फ्लॉरेन्समधली कार्यशाळा, लाकडी फळीवर चुन्याचा गिलावा, ओल्या गिलाव्यावर जुन्या पद्धतीने रंगकाम. किंमत ६४० युरो. आलं ते छापील चित्र. असाच माल आणखी कितीतरी लोकांना विकला जातोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी खरा फ्रेस्को कसा होतो ते बघा, म्हणजे खोटा कुठे उघडा पडतो ते कळेल. चुना आणि वाळूचा बारीक गिलावा त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर लावतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग भरतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. दुसऱ्या दिवशी शेजारी नवा गिलावा. त्यामुळे मोठ्या चित्रात प्रत्येक दिवसाच्या कामाचा सांधा राहतो आणि तिरक्या उजेडात तो दिसतो. आपल्या अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची. हे तंत्र वेगळं. आणि एक महत्त्वाचं: फ्रेस्कोला चकाकी नसते. वर व्हार्निश नाही, तेल नाही.

माझं चित्र चकाकत होतं. खोकं उचललं तेव्हाच ते हलकं लागलं होतं. एवढ्या आकाराच्या फळीवर चुन्याचा गिलावा असता तर एका हाताने उचललं गेलं नसतं. पाठवणाऱ्याचा पत्ता इटलीतलाही नव्हता, दुसऱ्याच देशातल्या गोदामाचा होता. फळीच्या कडांना पांढरा खरबरीत लेप होता, तो बघून कुणालाही गिलावाच वाटावा. पण लेप फक्त कडांनाच. मधे पातळ कॅनव्हास चिकटवलेला.

सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि मरियेच्या चेहऱ्यावर ठिपके दिसले. निळसर, गुलाबी, पिवळे, अगदी बारीक आणि सगळीकडे सारखे. ते प्रिंटरच्या शाईचे. कुंचल्याचा रंग असा ठिपक्यांनी बनत नाही. त्यावर पारदर्शक जेलचे फराटे मारलेले होते, बोटाला कुंचल्याचं काम लागावं म्हणून. पण मारणाऱ्याने खाली काय आहे ते बघितलंही नव्हतं. गॅब्रिएलच्या पंखावर सुरू झालेला एक फराटा पंखाची कड ओलांडून सरळ पुढे गेला होता. जो पंख रंगवतो त्याचा हात पंखाच्या कडेला वळतोच.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते खालच्या ओळीचं. मूळ चित्राखाली लॅटिनमध्ये लिहिलंय की कुमारी मातेच्या चित्रासमोरून जाताना ‘आवे’ म्हणायला चुकू नकोस. मठातले संन्यासी जिना चढून आपापल्या कोठड्यांकडे जाताना हे वाचत आणि प्रार्थना म्हणत. आईची ‘नमो मरिया’ तीच प्रार्थना, म्हणून तर मी हे चित्र निवडलं होतं. माझ्या प्रतीत त्या ओळीचा नुसता करडा धूर झाला होता. लहान फोटो ताणून मोठा छापला की अक्षरांचं असंच होतं. माणसाने नक्कल केली असती तर एखादं अक्षर चुकलं असतं, पण अक्षर तरी असतं.

मग मी त्या दुकानाच्या इतर ग्राहकांनी टाकलेले फोटो नीट पाहिले. त्यांच्या चित्रांतही खांबावरची तडा तीच आणि तिथेच. हाताने केलेल्या दोन प्रती अशा तंतोतंत जुळत नाहीत.

मी पुरावे पाठवले तेव्हा उत्तर आलं, ‘ही वस्तू खास तुमच्यासाठी बनवली आहे, त्यामुळे परत घेता येत नाही.’ हा डाव ओळखा. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू साधारणपणे १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तूंना मात्र ही सवलत नाही. त्याच पळवाटेचा आडोसा ते घेतात. पण जे सांगून विकलं ते दिलंच नसेल, तर हे कलम विक्रेत्याला वाचवत नाही. नंतर त्यांनी तीस टक्के परत देऊ केले, अट एकच: मी दुकानाच्या पानावर टाकलेला अभिप्राय काढून टाकायचा. मी नकार दिला आणि कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली.

तुम्हाला अशी प्रत घ्यायची असेल तर अर्धवट अवस्थेतला फोटो मागा: कोरा गिलावा, त्यावर उतरवलेलं रेखाटन, एखादाच भाग रंगवलेला. मला त्यांनी व्हिडिओ पाठवला होता, पण त्यात सगळं चित्र आधीच रंगीत होतं आणि कुंचल्यात नुसतं जेल. बाजूने तिरका उजेड टाकून काढलेला फोटो मागा, वजन विचारा. आणि विक्रेत्याच्या यादीत फ्रा आंजेलिकोचं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं ‘देवदूताचा निरोप’ही ‘फ्रेस्को’ म्हणून असेल, तर तिथून निघा. ते लाकडी फळीवरचं टेम्पेरा (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचं) चित्र आहे, भिंतीवरचं कधीच नव्हतं. खरे नकलाकार इटलीत आजही आहेत, चुना कालवून मेहनतीने काम करतात आणि या छापील मालामुळे त्यांच्याच पोटावर पाय येतो. देवघरात लावायचं चित्र कुणी भिंग घेऊन तपासत नाही, लोक श्रद्धेने घेतात आणि चर्चला भेट देतात. याच विश्वासावर हा धंदा चाललाय, याची मला फार चीड येते.

बँकेने पूर्ण रक्कम परत केली. निर्णायक ठरला तो जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, मी पैसे भरण्याआधी काढून ठेवलेला. तक्रार गेल्यावर त्या पानावरचा ‘ओल्या गिलाव्यावर’ हा मजकूर गायब झाला होता.