बाटल्या मोजाव्यात की तोलाव्यात?

सिंहस्थाच्या तोंडावर गोदाघाटावरच्या बाटल्या गोळा करायला नाशकातले बरेच गट पुढे येताहेत. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो: विकलेल्यांपैकी किती बाटल्या गोळा झाल्या, ही टक्केवारी नगांवर काढायची की किलोवर? आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

जगातही दोन्ही चालतं. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर अनामत आहे, २५ सेंट; रिकामी परत दिली की ती मिळते. परत घेणारं मशीन बारकोड वाचतं, प्रत्येक नगाची नोंद होते. युरोपीय संघाचं उद्दिष्ट मात्र वजनात: विकलेल्या प्लॅस्टिक बाटल्यांपैकी २०२५ पर्यंत ७७ टक्के, २०२९ पर्यंत ९० टक्के वेगळ्या गोळा व्हाव्यात. कॅलिफोर्नियात गिऱ्हाईकच ठरवतं; एका प्रकारच्या ५० नगांपर्यंत मोजून पैसे मागता येतात, त्यापुढे काटा.

वजनाचे फायदे उघड आहेत. भंगारवाला किलोतच बोलतो, आणि कारखान्यात खरोखर किती माल शिरला हेही वजनातच कळतं. फक्त काच आणि कॅन एकत्र तोलू नका. बिअरची एक मोठी बाटली दोन डझन कॅनना सहज भारी पडते.

माझं मन वजनावरून उडालं ते पाण्यामुळे. माणसं अर्धी बाटली पितात, झाकण घट्ट लावतात आणि टाकून देतात. लिटरची रिकामी बाटली जेमतेम वीसेक ग्रॅमची. तळाशी दोन घोट राहिले तरी गोणीत प्लॅस्टिकपेक्षा पाणी जास्त. पावसाळ्यात वर गाळ. भंगारवाला बघून घट धरतो, दुसरा वेगळी धरतो. त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे, पण आपली टक्केवारी त्यांच्या नजरेवर लटकते. बरं, झाकण उघडून पाणी ओतायचं म्हटलं तर प्रत्येक बाटली हातात घ्यावीच लागते. मग तिथेच मोजून का टाकू नये?

नगांची कटकट नाही असं नाही. वेळ जातो, आणि २०० मिलीची बाटली दोन लिटरवालीच्या बरोबरीची ठरते.

खरी मेख छेदात असते, म्हणजे टक्केवारी कितीपैकी काढायची त्यात. ब्राझीलने २०२२ साठी विकलेल्यांपैकी पुन्हा वितळवलेल्या ॲल्युमिनियम कॅनचं प्रमाण १००.१ टक्के सांगितलं. कॅन वेचणाऱ्यांच्या जोरावर तिथे ते एरवीही ९५ च्या वर असतं, पण आधी विकलेला माल नंतर भट्टीत गेला की शंभरही ओलांडतं. घाटावर तर भाविक बाटल्या घरून, रेल्वेतून आणतात. त्यामुळे अख्ख्या घाटाची टक्केवारी काढायच्या फंदात, माझ्या मते, पडू नये. दोन-चार टपऱ्या धरा, त्यांच्याकडे विकला जाणारा ब्रँड तेवढाच मोजा. टपरीवाल्याला किती किलो विकलं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. बॉक्स किती फोडले, ते तो लगेच सांगतो.