विनागिअर सायकलची चेन आणि गंगाघाटाजवळचे एक दुकान

गेल्या पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याशी काळ्या चिखलात माझ्या एमटीबीचा (डोंगरी वाटांच्या गिअरच्या सायकलीचा) मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आऱ्यांमध्ये अडकून मोडला. तेव्हा नवा डिरेलर घेण्याऐवजी मी गिअरची सगळी यंत्रणाच काढून टाकली. पुढच्या, पॅडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांपैकी, म्हणजे चेनव्हीलांपैकी, मधले ३२ दातांचे तेवढे ठेवले आणि मागच्या चाकावर सात चकत्यांच्या फ्रीव्हीलऐवजी १८ दातांचे, एकाच चकतीचे साधे फ्रीव्हील बसवून घेतले. सायकल हलकी झाली, पावसाळ्यातली निम्मी कटकट संपली, मात्र चेनच्या ताणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण चेनचा सैलपणा आपोआप ओढून घेणारा डिरेलरचा स्प्रिंगचा हात आता नव्हता. हे परीक्षण त्या प्रश्नाचे आणि तो ज्या दुकानात सुटला त्या दुकानाचे आहे.

सुरुवात मात्र तिथे झाली नाही. नाशिकमध्ये सायकलचे वेड असलेली माणसे कमी नाहीत. २०१५ मध्ये याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली होती, आणि महागड्या गिअरच्या सायकली हाताळणारी चकचकीत दालनेही आज शहरात आहेत. त्यांपैकी एका दालनात मी प्रथम गेले. तिथल्या तरुण कारागिराने चाक जोर लावून मागे ओढले आणि चेन बोटाने दाबूनही हलेना इतकी ताणून दिली. घरी येईपर्यंत पॅडल जड लागू लागले आणि तळाच्या बेअरिंगमधून करकर ऐकू येऊ लागली. तक्रार घेऊन परत गेल्यावर मला एक स्प्रिंगचा चेन टेन्शनर, म्हणजे चेन दाबून ताणणारा हात, विकण्यात आला. ज्या फ्रेममध्ये चाकाची आस (अ‍ॅक्सल) बसण्याची खाच उभी असते आणि चाक पुढे-मागे सरकवताच येत नाही, त्या फ्रेमला अशा टेन्शनरची गरज पडते. माझ्या जुन्या पोलादी फ्रेममध्ये मात्र डिरेलर टांगण्याचा पत्र्याचा हँगर काढला की आडवी खाच पूर्ण मोकळी होते. म्हणजे मला जे लागत नव्हते तेच मी विकत घेतले होते. म्हसरूळकडून रामशेजच्या दिशेने जाणाऱ्या खडकाळ वाटेवर टेन्शनरचा तो हात प्रत्येक दणक्याला उसळू लागला, त्याच्या चिमुकल्या चाकात माती भरली आणि एकाच सकाळी चेन तीनदा उतरली. शिवाय तो चेनला खालच्या बाजूला दाबत होता, त्यामुळे फ्रीव्हीलच्या आधीपेक्षा कमी दातांवर चेन बसत होती. वरच्या बाजूला दाबणारा टेन्शनर या बाबतीत उजवा ठरतो, परंतु तो पर्याय कोणी सुचवला नाही.

यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी गंगाघाटाजवळच्या (नाशिककरांच्या बोलीत गोदावरीचा घाट) बोळातल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात सायकल नेली. दुकानाला पाटी नाही, आणि ज्यांना मी मामा म्हणते त्या मालकांचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून तेही देत नाही. दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या काळ्या सायकली हेच त्यांचे मुख्य गिऱ्हाईक. त्या सायकलींना कधीच गिअर नव्हते आणि चाक मागे ओढून चेन ताणणे हे तिथले रोजचे काम आहे. गिअरच्या सायकलींच्या जमान्यात जे कसब बाहेर विसरले गेले, ते या दोन खणांच्या दुकानात सहजपणे चालू आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मामांनी पाना हातात घेण्याआधी सायकल उलटी केली आणि पॅडल हळूहळू फिरवत राहिले. “ताई, कुठं घट्ट होतीय ते आधी बघू, मग चाक ओढू,” एवढेच ते म्हणाले. चेनव्हील कधीच अगदी गोल आणि अगदी मधोमध बसलेले नसते, त्यामुळे एका फेऱ्यात चेन कुठे घट्ट तर कुठे सैल होते, आणि ताण नेहमी सर्वांत घट्ट जागेवर ठरवावा लागतो. सैल जागेवर ठरवला तर घट्ट जागेशी चेन करकचून बेअरिंग खाते. दालनातल्या कारागिराची चूक नेमकी हीच होती. मामांनी एक-दोन फेऱ्यांवर समाधान न मानता आठ-दहा फेरे का घेतले, हे मला तेव्हा उमगले नाही. घरी बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आले की ३२ आणि १८ दातांच्या जोडीत पॅडलचे ९ फेरे आणि चाकाचे १६ फेरे झाल्याशिवाय दोन्ही चकत्या पुन्हा त्याच स्थितीत येत नाहीत, आणि चेनव्हीलची घट्ट बाजू फ्रीव्हीलच्या घट्ट बाजूशी कुठे जुळते ते तोपर्यंत नक्की सांगता येत नाही. मामांनी हे गणित केलेले नाही; हाताला सवय आहे, इतकेच.

घट्ट जागा सापडल्यावर त्यांनी चेनव्हीलचे बोल्ट पूर्ण न काढता किंचित ढिले केले, तिथे ताणलेल्या चेनवर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके टोले दिले, पुन्हा फिरवून पाहिले आणि पुन्हा टोला दिला. चेनव्हील केसभर सरकले आणि घट्ट-सैलमधला फरक जवळजवळ निघून गेला. मग बोल्ट आळीपाळीने आवळले. हे काम फक्त बोल्टने जोडलेल्या चेनव्हीलवर होते. स्वस्त क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) चेनव्हील रिव्हेटने पक्के केलेले असते आणि तिथे हा उपाय चालत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर चाकाचे काम झाले. चेनच्या बाजूने आस मागे ओढून तो नट आवळायचा, मग चाक मागच्या चिमट्याच्या मधोमध आणून डावीकडचा नट आवळायचा, या क्रमात त्यांचा हात एकदाही चुकला नाही. चेनचा खेळ ठेवला तो चेनव्हील आणि फ्रीव्हील यांच्या मध्यावर वर-खाली मिळून साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच. मोटारसायकलच्या चेनला याहून बराच जास्त खेळ ठेवतात, त्यामुळे मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याकडून सायकलची चेन ताणून घेऊ नये, ती हमखास सैल राहते. चढावर उभे राहून जोर दिला की चेन आसाचे उजवे टोक पुढे खेचते आणि मागे उघडणाऱ्या खाचेत ते सरकू शकते, म्हणून त्यांनी त्या बाजूला एक साधा चेन अ‍ॅडजस्टरही चढवला. स्क्रूचा हा तुकडा त्या विकत घेतलेल्या टेन्शनरच्या शतांश किमतीचा असेल, आणि काम त्याच्याहून चोख करतो.

चेन त्यांनी तपासून घ्यायला सांगितली, ही बाबही मला महत्त्वाची वाटली. चेनच्या २४ कड्यांची नवी लांबी १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. पिना झिजल्या की ती वाढत जाते आणि गिअरच्या सायकलीवर डिरेलर हा दोष लपवतो, विनागिअर सायकलीवर तो लपत नाही. मामांनी पोलादी पट्टी लावून मापले तेव्हा माझी चेन तेवढ्या मापात इंचाच्या सोळाव्या हिश्शाने वाढलेली निघाली, म्हणजे बदलण्याच्या उंबरठ्यावर. तिच्या जागी त्यांनी अर्ध्या इंच पिचाची (दोन पिनांमधल्या अंतराची) जाड, एक-अष्टमांश इंच रुंदीची चेन बसवली. ती गिअरच्या पातळ चेनव्हीलवर नीट बसते, उलट जाड दातांवर पातळ चेन मात्र बसत नाही. तीनही कामांचे मिळून त्यांनी ५५० रुपये घेतले, नवी चेन धरून.

दुकानाला उणिवाही आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. मामांच्या हाती तेलाचा डबा आला की तो रिकामा होईपर्यंत थांबत नाही. चेनवर घातलेले ते दाट तेल उन्हाळ्यातली धूळ धरून ठेवते, म्हणून मी घरी येऊन चेन कापडाने कोरडी पुसून घेतली. आस मागे सरकल्यावर रिमही मागे सरकते आणि व्ही-ब्रेकचे रबर नव्याने नेमके करावे लागतात, पण ते त्यांच्या लक्षात आले नाही आणि एक रबर टायरला घासत होता. तो मी स्वतः नीट केला. ब्रेक हे या दुकानाचे बलस्थान नव्हे, याची जाणीव ठेवून जावे. वेळेचेही बंधन पाळले जात नाही. मला दीड तास उभे राहावे लागले, कारण मध्येच एक पेपरवाला पंक्चर घेऊन आला आणि अर्थातच त्याचा नंबर आधी लागला. गोदावरीच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढले की दुकान बंद असते, म्हणून पावसाळ्यात आधी विचारपूस करावी.

त्या दिवसानंतर मी सुमारे चारशे किलोमीटर चालवले, त्यात पांडवलेणीच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा होत्या आणि गंगापूर धरणाच्या कडेचा खाचखळग्यांचा रस्ताही होता. चेन एकदाही उतरली नाही. आता मात्र ती वीस मिलिमीटर खाली झोल घेऊ लागली आहे आणि अ‍ॅडजस्टरच्या स्क्रूचे शेवटचे काही आटेच उरले आहेत. पुढच्या वेळी एक पूर्ण जोडी कड्या काढाव्या लागतील. जोडीची लांबी एक इंच असते, म्हणजे आस खाचेत अर्धा इंच पुढे येईल आणि ताणायला पुन्हा जागा मिळेल. गणपती बसण्याआधीच जाणार आहे, त्यानंतर मामांच्या बोळात सायकल न्यायला जागाच उरत नाही.