‘ट्रू ग्रिट’ की ‘लोन्सम डव्ह’?

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या कादंबऱ्या, वाचायला कुठून सुरुवात करू, या दोनांत मैत्रीण अडकलीय. चार्ल्स पोर्टिसची ‘ट्रू ग्रिट’ (१९६८) दोन-तीन बैठकांत संपते. लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोन्सम डव्ह’ (१९८५) ८०० पानांच्या वर. गोष्ट गुरांचा कळप दूर हाकत नेण्याची, पण बराच वेळ तर गुरं हलतच नाहीत!

न्यायाचं म्हणाल, तर पहिलीत १४ वर्षांची मॅटी बापाच्या खुन्यामागे पैसे मोजून मार्शल (गुन्हेगार पकडणारा सरकारी अधिकारी) लावते, वर पै-पैचा हिशोब ठेवते. तिचा कोरडा, ठसकेबाज सूर हीच खरी गंमत. दुसरीत न्याय मित्रालाही सोडत नाही; जास्त सांगत नाही.

तगून राहण्याची झुंज मात्र दुसरीतच: टेक्सास ते मोंटाना, नद्या, साप, वादळं. आवडती माणसं अचानक जातात.

शनिवार-रविवारपुरती हवी तर पोर्टिस. महिनाभर मुक्काम ठोकायची तयारी असेल तर मॅकमर्ट्री.