एकवीस गिअरची हायब्रिड सायकल, आठ महिन्यांनंतर

सायकल घेतली तेव्हा बायको म्हणाली होती, चला, कपडे वाळत घालायला आणखी एक जागा झाली. आठ महिने झाले, पावसाळ्यातला एक आठवडा सोडला तर अजून टॉवेल पडलेला नाहीये तिच्यावर.

कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीत सगळ्या सारख्याच: ॲलॉय फ्रेम, पुढे तीन मागे सात चकत्या, केबलवाले डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ चे टायर. मी काही मोठा रायडर नाही. सोमवारी ऑफिसला पोचलो की मीटिंगा सुरू होतात त्या शुक्रवारपर्यंत, म्हणून सोमवारीच पहाटे साडेपाचला निघायचं, आमच्या इंदुरातलं सुदामा नगर, फूटी कोठी, धार रोड, सिरपूर तलाव, थोडं टेकायचं आणि परत. धापा टाकायच्या नाहीत, सोबतच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढाच नियम. थंडीत तलावावर बाहेरचे पक्षी येतात (२०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलाय तो), मला त्यातलं बदकाशिवाय काही ओळखू येत नाही ते सोडा.

पहिले दोन महिने गुडघे इतके दुखायचे की वाटलं, झालं आपलं वय. तर दुकानात सीट फारच खाली बसवून दिली होती. तलावावर एका काकांनी थांबवून दाखवलं, पेडल पार खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने चालवताना गुडघा जरासाच वाकतो. सीट चांगली चार बोटं वर गेली आणि दुखणं थांबलं. सोबत घेतलेलं जाड जेल कव्हर पण काढून टाकलं, मऊ असलं तरी अर्ध्या तासात पार मुंग्या यायच्या.

ब्रेकचा घोळ मात्र माझा स्वतःचा. चेनवर स्प्रे मारताना तेल मागच्या डिस्कवर उडालं, मग ब्रेक असा केकाटायचा की फूटी कोठीची कुत्री उत्तर द्यायची, आणि लागायचाही नाही धड. पॅड तेल पिऊन बसले होते, बदलावेच लागले. आता बाटलीने एकेका कडीवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवून घ्यायचं आणि जुन्या बनियनने पुसून टाकायचं.

एकवीस गिअर म्हणजे नुसता दिखावा हो, पुढे मधली चकती आणि मागे तीन-चार, बस. पुढे मोठ्या चकतीवर असताना मागेही सगळ्यात मोठी चकती टाकली की चेन तिरकी होऊन घासते.

हवा स्कूटरच्या नळीने भरता येते, ही सोय भारी. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवतो, खड्ड्यात हाडं कमी वाजतात.

मडगार्ड सोबत मिळालेच नाहीत. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन तसाच उभा राहून जीरावन (इंदुरी मसाला) घातलेले पोहे खाल्ले. नंतर प्लास्टिकचे लावून घेतलेत, मागचा अजून खडखडतो.