एमजीबीचे मागचे शॉक: बदलले, आणि ११ महिन्यांत पुन्हा मूळ प्रकारचेच बसवले

गेल्या ऑक्टोबरात भर पावसात माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेऊन इंग्लंडमधला स्नेक पास हा डोंगरी रस्ता चढत होतो. मागून ठण्ण आवाज आला आणि प्रत्येक वळणाला गाडीचं बूड भलतीकडे जायला लागलं. वाकून पाहिलं तर मागच्या उजव्या शॉकच्या (चाकाचे धक्के शोषणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटचा बोल्टच जागेवर नव्हता. जेमतेम सहा महिने वापरलेलं टेलिस्कोपिक शॉकचं किट! दुकानदाराचं एकच पालुपद, "तुम्ही नीट आवळला नसेल." मी टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळला होता आणि हजार मैलांनी पुन्हा तपासला होता. फोटो पाठवले, तरी पैसे दिले नाहीत.

माझी रोडस्टर (उघड्या टपाची) १९७६ची, रबर बंपरवाली. अमेरिकेतल्या नियमांसाठी हिची उंची इंचभर वाढवली आणि खर्च वाचवायला १९७५च्या मॉडेलपासून पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा, काढून टाकला. १९७७च्या गाड्यांना पुढे-मागे दोन्ही बार मिळाले. माझी नेमकी मधली, त्यामुळे वळणावर फारच कलायची. सगळे म्हणाले, जुने लिव्हर आर्म शॉक काढ, टेलिस्कोपिक टाक. (लिव्हर आर्म म्हणजे तेलाच्या डब्यातला पिस्टन दांड्याने हलवणारे, टेलिस्कोपिक म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे.) मी ते मागच्या चाकांना बसवले.

पहिला महिना खूश होतो. मोटरवेवर गाडी ताठ चालायची आणि तेव्हा मी इथे कौतुकही केलं होतं. ते आता मागे घेतो. शेफिल्डच्या उखणलेल्या रस्त्यांवर मागची चाकं खड्ड्याखड्ड्याला उडायची. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना खालीवर व्हायला मोकळीक हवी, ती या कडक शॉकनी हिरावून घेतली. पाठीचा त्रास वेगळाच.

खरा फरक पडला तो सर्वांत स्वस्त कामाने. पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे मूळ रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) पार चेपले होते. त्यांच्या जागी एमजीबीच्याच आठ सिलिंडरवाल्या व्ही८ मॉडेलचे, आत धातूची नळी असलेले बुश घातले. तीस-एक पौंड, एक शनिवार. गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा नट आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्टीअरिंग इतकं नेमकं झालं की त्या संध्याकाळी मी उगाचच बक्स्टन गावापर्यंत जाऊन आलो. नंतर पुढचा बार बसवला आणि कलणं निम्म्यावर आलं.

इंजिनावर फार खर्च केला नाही. पॉइंट (ठिणगीसाठीचा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर बॅलन्स केले, त्यांच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल भरलं. सकाळी एका हाकेत सुरू होते. १८०० सीसीकडून मला एवढंच हवं होतं.

बोल्टच्या प्रकारानंतर रिकंडिशन केलेले लिव्हर आर्म शॉक आणले, जुने बदल्यात देऊन जोडी दीडशे पौंडांना. पूर्वीच्या शॉकमध्ये खोट नव्हती, दांड्याच्या सीलमधून तेल गळून ते कोरडे पडले होते. वेळच्या वेळी तेल पाहिलं असतं तर सव्वादोनशे पौंडांचं ते किट घ्यावंच लागलं नसतं. पुढच्या बाजूला तर लिव्हर आर्म हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो, म्हणून तिथे हात घालण्याआधी शंभरदा विचार करा. आता दर सर्व्हिसला झाकण उघडून तेलाची पातळी बघतो. पाच महिन्यांत थेंबभरही कमी झालेलं नाही.

ते किट गॅरेजात खोक्यात पडून आहे. दुकानदाराला गेल्या आठवड्यात तिसरं पत्र टाकलंय.